काळी चारचं गाणं आणि सीमधली गिटार

प्रश्न: मी रत्नागिरीला राहते, वय २३. आठ महिन्यांपासून अकॉस्टिक गिटार शिकतेय, बहुतेक व्हिडिओ पाहूनच. ऑनलाइन ओळख झालेल्या तिघांबरोबर आमचं स्वतःचं एक गाणं करायचं चाललंय. गाणारी मैत्रीण पुण्यात, तबला वाजवणारा डोंबिवलीत आणि कीबोर्ड व मिक्सिंग करणारा म्यूनिकमध्ये. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायला गेलो की गोंधळ होतो, म्हणून आता प्रत्येक जण मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतो. मी सी, ए मायनर, एफ, जी या कॉर्ड वाजवते. त्यातली एफ अजून नीट वाजत नाही. गाणारीची पट्टी काळी चार, त्यामुळे म्यूनिकचा मित्र माझा ट्रॅक सॉफ्टवेअरने खाली ओढतो. लय ८४ ठरली होती, तर तबला निम्म्या वेगाने वाजवून आला. माझी गिटार सुरुवातीला जुळते, पण दोन मिनिटांत अर्धा सेकंद पुढे गेलेली असते. परवा त्याने माझी गिटार काढून तिथे सॉफ्टवेअरमधली टाकली आणि ग्रुपवर फाइल आल्यावरच मला ते कळलं. वाईट वाटलं. सहा हजार रुपये साठवलेत. त्यात माइक घेऊ का? की आधी गिटार नीट शिकू आणि हे नंतर बघू?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नंतर बघू नका. चार कॉर्ड, तीन मिनिटं, लय न सोडता वाजवणं हा गिटार शिकण्यातलाच एक मोठा टप्पा आहे, आणि तो गाठायला तुमच्याकडे एक खरं गाणं आहे. तुमच्या पत्रातल्या अडचणींपैकी दोनच तुमच्या हाताच्या आहेत. बाकीच्या सगळ्या चौघांनी वाजवण्याआधी जे ठरवायला हवं होतं ते न ठरवल्याच्या आहेत.

व्हिडिओ कॉलचा नाद मात्र सोडा. एका खोलीत तीन मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाज तुमच्यापर्यंत साधारण ९ मिलिसेकंदांत येतो. हा उशीर २५-३० मिलिसेकंदांपर्यंत असला तरी वाजवणारे सांभाळून घेतात. त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहू लागतो आणि लय पडत जाते. व्हिडिओ कॉलमध्ये हा उशीर सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असतो. शिवाय ही अ‍ॅप बोलण्यासाठी बनलेली आहेत. लांबत जाणारा गिटारचा सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो कापून टाकतात. म्यूनिकचं तर अंतरच आड येतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सहा हजारांहून जास्त किलोमीटरला नुसतं एका बाजूने जायला ३० मिलिसेकंद लागणारच. कितीही महाग इंटरनेट घेतलं तरी तो आकडा खाली येत नाही. तुम्ही निवडलेला मार्ग, एकामागून एक रेकॉर्ड करायचा, तोच बरोबर आहे. त्याची शिस्त तेवढी बसवायची आहे.

पहिलं काम पट्टीचं. तुमची गिटार काढून टाकली गेली त्याचं मूळ इथे असावं असं आम्हाला वाटतं. काळी चार म्हणजे जी शार्प. तुम्ही वाजवता सीमध्ये, म्हणजे तुमचा ट्रॅक चार पट्ट्या (कीबोर्डवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून चार घरं) खाली ओढावा लागतो. सॉफ्टवेअर एखादी पट्टी वरखाली करून देतं तेव्हा कानाला फारसं खटकत नाही. चार पट्ट्या ओढल्या की तारेवर नखी पडल्याचा ‘टक्’ लिबलिबीत होतो, खोक्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि कॉर्डमधले सूर एकमेकांत कालवले जातात. तुम्ही कितीही छान वाजवलं असतं तरी ते असंच ऐकू आलं असतं.

उपाय कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा. पहिल्या फ्रेटवर (मानेवर धातूच्या आडव्या सळ्यांनी पाडलेले खण म्हणजे फ्रेट) कॅपो लावा आणि जीच्या घरातल्या कॉर्ड वाजवा: सीच्या जागी जी, ए मायनरच्या जागी ई मायनर, एफच्या जागी सी आणि जीच्या जागी डी. गाणं थेट काळी चारमध्ये वाजेल, काहीही ओढावं लागणार नाही, आणि एफ या गाण्यातून पूर्ण बाहेर पडेल. कॅपो फ्रेटच्या सळीला अगदी खेटून मागच्या बाजूला लावा, फ्रेटच्या मधोमध नको. मधोमध लावला तर तारा जास्त ताणल्या जातात आणि सूर चढतो. कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करा. ट्यूनर तेव्हा सहाव्या तारेपासून एफ, ए शार्प, डी शार्प, जी शार्प, सी, एफ दाखवेल. ते बरोबरच आहे, घाबरून तारा उतरवू नका.

मराठी गाणारे पट्टी काळी-पांढरीत सांगतात आणि गिटारचे व्हिडिओ इंग्रजी अक्षरांत, म्हणून हे एकदा वहीत लिहूनच ठेवा. काळी एक म्हणजे सी शार्प: कॅपो पहिल्या फ्रेटवर, कॉर्ड सीच्या घरातल्या. काळी दोन म्हणजे डी शार्प: कॅपो पहिल्यावर आणि डीच्या कॉर्ड, किंवा तिसऱ्यावर आणि सीच्या. काळी तीन, एफ शार्प: दुसऱ्यावर, ईच्या, किंवा चौथ्यावर, डीच्या. काळी चार वर सांगितलीच. काळी पाच म्हणजे ए शार्प: तिसऱ्यावर, जीच्या. पांढरी चार म्हणजे एफ: तिसऱ्यावर, डीच्या. पांढरी पाच म्हणजे जी, कॅपोच नको. चाल मायनर वळणाची असेल तर काळी चारला कॅपो चौथ्या फ्रेटवर लावून ई मायनरच्या घरात वाजवा.

पट्टीबरोबर आणखी एक गोष्ट चौघांनी एकदाच ठरवायची: ए म्हणजे ४४० हर्ट्झ. कीबोर्ड आणि ट्यूनर मुळात तिथेच असतात. गडबड होते ती गाणारी जुन्या हार्मोनियमवर सूर घेते तेव्हा, कारण पेटी थोडी चढलेली किंवा उतरलेली असू शकते. तिने तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून जी शार्प निवडावा आणि बारीक सुधारणेचा आकडा शून्यावर ठेवावा. तबल्याचा दायाँही रेकॉर्डिंगच्या आधीच काळी चारला मिळवलेला हवा. तबला नंतर ओढायला गेलात तर चाटेचा (काठाचा) आवाज मरतो, म्हणून डोंबिवलीच्या मित्राला पट्टी सर्वांत आधी कळली पाहिजे.

आता लय. तबलेवाल्याची चूक नाही. मेट्रोनोम म्हणजे ठरावीक वेगाने क्लिक वाजवणारं साधन. त्याचं ८४ म्हणजे मिनिटाला ८४ ठोके, आणि एका चक्रात असे चार. केरवा तालाच्या आठ मात्रा त्याच चार ठोक्यांत बसवायच्या तर मात्रा मिनिटाला १६८ पडतात. त्याने ८४ हा मात्रेचा वेग धरला, म्हणून ठेका निम्म्या वेगात आला. पुढच्या वेळी नुसता आकडा पाठवू नका. ‘८४, एका क्लिकला दोन मात्रा, केरवा’ असं लिहा आणि दोन आवर्तनं टाळी देत, बोल म्हणत रेकॉर्ड करून सोबत जोडा. दादरा तालातलं गाणं केलंत तर क्लिक प्रत्येक मात्रेवर आहे की तीन मात्रांना एक, हे तितकंच स्पष्ट हवं.

यानंतर म्यूनिकच्या मित्राने एक पायाचा ट्रॅक बनवायचा आणि सगळ्यांनी त्याच एका फाइलवर वाजवायचं. त्यात तीन गोष्टी हव्यात: क्लिक, कीबोर्डवर साध्या कॉर्ड आणि गाणारीने कच्ची गायलेली चाल. सुरुवातीला ८ मोकळे क्लिक ठेवा. मग गाणं. शेवटी एक चक्र रिकामं सोडून पुन्हा चार क्लिक. ८४ च्या लयीत चार ठोक्यांचं चक्र २.८६ सेकंदांचं होतं. गाणं ६४ चक्रांचं असेल तर ते ३ मिनिटं ३ सेकंदांचं, हे गणित आधीच करून ठेवा. कुणाची फाइल त्याहून बरीच लांब किंवा आखूड आली की ती उघडण्याआधीच समजतं की कुठेतरी चुकलंय.

तुम्ही दोन मोबाइल वापरा. एकावर पायाचा ट्रॅक लावून तारेच्या इअरफोनमधून ऐका, दुसऱ्यावर रेकॉर्ड करा. ब्लूटूथ इअरफोन नको. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि हा उशीर कधी कधी मध्येच बदलतोही. दुसऱ्या मोबाइलचा हवाई मोड चालू ठेवा, नाहीतर नेमक्या चांगल्या टेकमध्ये फोन वाजतो. सुरुवातीच्या ८ क्लिकपैकी पहिले चार नुसते ऐका. पुढच्या चारांवर डावा हात तारांवर हलकेच टेकवून नखीने कोरडा ‘चक्’ वाजवा, बरोबर क्लिकवर. गाणं संपल्यावर शेवटच्या चार क्लिकवरही तसेच चार ‘चक्’. मिक्सिंग करणाऱ्याला लहरीच्या चित्रात ही चार टोकं लख्ख दिसतात. ती क्लिकवर सरकवली की तुमचा ट्रॅक जागेवर बसतो. तबल्यासाठी हेच काम ‘ना’ने करता येतं, गाण्यासाठी टाळीने.

शेवटचे चार ‘चक्’ कशासाठी, तर तुमची अर्ध्या सेकंदाची अडचण नेमकी कुठे आहे ते त्यांच्यावरून कळतं. दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, पण त्या फरकाने तीन मिनिटांत फार तर दहा-वीस मिलिसेकंद सरकतात. तेवढं सॉफ्टवेअरमध्ये ताणून घेता येतं. पूर्ण ट्रॅकच सुरुवातीपासून एकसारखा उशिरा असेल तर दोष ऐकण्याच्या वाटेचा, सरकवून मिटतो. ट्रॅकची पट्टी जवळजवळ दीड पट्टीने चढून तो जलदही झाला असेल तर ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून उघडली गेली आहे. सगळ्यांनी ४८ किलोहर्ट्झ ठरवून टाका. आणि दोन्ही टोकांचे ‘चक्’ जुळलेत पण मधली गिटार पुढे पळते आहे, तर तो तुमचा हात. दोन मिनिटांत अर्धा सेकंद पुढे म्हणजे ८४ ऐवजी साधारण ८४.३५ च्या वेगाने वाजवणं. पत्रात तुम्ही क्लिकचा उल्लेख केलेला नाही, तेव्हा तो न लावता वाजवलं असावं असं धरतो. तसं असेल तर आठ महिन्यांच्या हाताला ही लय चांगली आहे. क्लिक कानात आला की हा पळ बऱ्याच अंशी थांबेल.

रेकॉर्डिंगची जागा. मोबाइल गिटारच्या भोकासमोर ठेवू नका. खोक्यातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तिथून सगळा तोच ‘बूम’ रेकॉर्ड होतो, कॉर्डचे सूर झाकले जातात. मोबाइल बाराव्या फ्रेटच्या समोर, २० ते ३० सेंटिमीटरवर, माइकचं टोक गिटारकडे करून ठेवा. हातात धरून कुणी उभं राहायला नको, पुस्तकांच्या थप्पीवर किंवा स्टँडवर ठेवा, खाली घडी घातलेला टॉवेल, म्हणजे पाय आपटल्याचा धक्का जात नाही. पंखा बंद. फरशी आणि रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कपाटाची दारं उघडी ठेवून कपड्यांकडे तोंड करून बसा, पायाखाली सतरंजी किंवा गोधडी. कोकणातल्या पावसात पत्र्याच्या खाली रेकॉर्डिंग होणार नाही, तेव्हा उघडीप मिळाली की उरकून घ्या.

रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये वेव्ह फॉरमॅट निवडा आणि आवाज आपोआप साफ करायची सोय असेल तर ती बंद करा. पातळी सर्वांत जोरात वाजवताना उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कुणालाच शिवता येत नाही. इअरफोनमधला क्लिक बारीक ठेवा, नाहीतर शेवटच्या लांबत्या कॉर्डमध्ये तो टकटक करत ऐकू येतो. तीन मिनिटांची २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो फाइल सुमारे २६ एमबी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवली तर तिचा जीव जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, किंवा ड्राइव्हवर एकच फोल्डर करून सगळे तिथेच टाका. नावात वाद्य, लय, पट्टी आणि टेक लिहा: ‘गिटार ८४ काळी४ टेक३’. ‘फायनल’ हा शब्द नावात नको; दुसऱ्या दिवशी ‘फायनल नवी’ येते आणि तिसऱ्या दिवशी कुणालाच काही कळत नाही. फाइल नेहमी पूर्ण लांबीची, पहिल्या क्षणापासून पाठवा. पुढचा-मागचा भाग कापून पाठवलात तर जागा शोधण्यात त्याची संध्याकाळ जाते.

क्रमही महत्त्वाचा आहे. पायाच्या ट्रॅकवर आधी तबला पक्का होऊ द्या, मग गिटार, मग कीबोर्ड, आणि पक्कं गाणं सगळ्यात शेवटी. गाणारीने कच्च्या चालीला जे गायलं ते ठेवायचा मोह होतो. तो आवरा, कारण भरलेल्या साथीवर ती वेगळ्याच जोमाने गाईल. गिटार तबल्यावर वाजवताना तुमच्या स्ट्रमिंगचा खालचा जोरकस फटका ‘धा’वर येतोय ना ते ऐका. तबला आणि गिटार दोघंही प्रत्येक मात्रा भरून काढत असतील तर गाणं घुसमटतं. ठेका भरगच्च असेल तर गिटारने चक्रात चारच फटके द्यावेत. कमी वाजवल्याने तुमचं काम कमी होत नाही.

सरावाला रोज अर्धा तास पुरे, पण तो वाटून घ्या. पहिली पाच मिनिटं फक्त कॉर्ड बदलणं: जीवरून ई मायनर, मग सीवरून डी. एका मिनिटाचा गजर लावून स्वच्छ बदल मोजा. मिनिटाला तीसच्या पुढे गेलात की ही जोडी गाण्यात वापरण्यासारखी झाली. जी धरताना मधलं बोट आणि अनामिका सहाव्या आणि पहिल्या तारेवर आली की तर्जनी पाचव्या तारेवरच राहू द्या. ई मायनरला तीच तर्जनी जागेवर ठेवून मधलं बोट चौथ्या तारेवर आणलं की झालं, बोट उचलायचं काम कमी होतं.

पुढची दहा मिनिटं डावा हात सगळ्या तारांवर हलकेच टेकवून, सूर न काढता, क्लिकवर नुसतं स्ट्रमिंग. उजवा हात कोपरापासून सतत खाली-वर हलत राहिला पाहिजे, तारांना लागो वा न लागो. नवशिके कॉर्ड बदलताना हात थांबवतात आणि मग उशीर भरून काढायला पळतात. तुमचा अर्धा सेकंद बहुधा अशा घाईच्या कणांनी बनलेला आहे. ६० वर सुरू करा. सलग तीनदा न चुकता आलं की ४ ने वाढवा. ८४ वर स्थिर झालात की क्लिक ४२ वर आणा आणि तोच वेग ठेवून वाजवा, म्हणजे मधले ठोके तुम्हाला स्वतः धरावे लागतील. लय खरोखर हातात आली आहे का, याची ही परीक्षा आहे आणि ती सुरुवातीला भल्याभल्यांना अवघड जाते.

उरलेल्या वेळात गाण्याची फक्त आठ चक्रं घ्या आणि रोज रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना कान कॉर्डमध्ये गुंतलेले असतात, चूक ऐकू येते ती नंतर. पूर्ण गाणं एका दमात निर्दोष येईपर्यंत थांबायची गरज नाही. ध्रुवपद आणि अंतरे वेगवेगळे रेकॉर्ड करा, प्रत्येक वेळी आधीच्या दोन चक्रांपासून वाजवत या म्हणजे जोड ऐकू येत नाही. प्रत्येक भागाचे तीन टेक पाठवा आणि तुम्हाला कुठला आवडला तेही लिहा.

एफ या गाण्यातून गेली तरी ती तुम्हाला लागणारच आहे, म्हणून शेवटची पाच मिनिटं तिची. त्याआधी गिटार तपासा, कारण रत्नागिरीची हवा. दमट हवेत गिटारचं वरचं लाकूड फुगतं, ब्रिज (खोक्यावर तारा अडकवलेल्या असतात तो तुकडा) किंचित उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून दूर जातात. बाराव्या फ्रेटवर पट्टीने मोजा: सहाव्या तारेखाली साधारण २.५ मिलिमीटर, पहिल्या तारेखाली २ च्या आत हवं. तीनच्या वर असेल तर बार कॉर्ड (एफसारखी, तर्जनी आडवी टाकून धरायची कॉर्ड) न वाजणं हा तुमच्या बोटांचा दोष नाही. मग नट पाहा, म्हणजे मानेच्या टोकाचा, तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर राहते ते बघा. केसाएवढी फट बरोबर, कार्डाएवढी दिसली तर नटच्या खाचा उंच आहेत आणि एफ नेमकी नटला लागून असल्याने सर्वांत जड तीच जाते. खाचा घासणं घरी करू नका, जास्त घासली गेली तर तार झणझणते आणि नट बदलावा लागतो. सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात तो तुकडा) आणि नट दोन्ही दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या, आणि हे आकडे त्याला सांगा. गिटार पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात आणि गंजलेली तार सुरात राहत नाही.

एफमध्ये तर्जनीला सहाही तारा दाबायच्या नसतात. पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं दाबतातच. तर्जनीचं काम सहावी, दुसरी आणि पहिली एवढंच. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करा, तिकडची कड हाडाची असते. पेराची रेघ दुसऱ्या किंवा पहिल्या तारेवर येत असेल तर बोट थोडं वर-खाली सरकवा, तिथेच तार मुकी होते. जोर अंगठ्याने चिमटून काढू नका. कोपर जरा मागे ओढलात तर हाताच्या वजनानेच तारा दाबल्या जातात. हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए होतो आणि खूप सोपा जातो. चार-पाच दिवस तिथे स्वच्छ वाजला की एक फ्रेट खाली. मनगट दुखायला लागलं की त्या दिवसापुरतं थांबा. बोटांची टोकं दुखतात ती घट्टे पडून बरी होतात, मनगटाचं दुखणं मात्र अंगावर काढायचं नसतं.

सहा हजारांत माइक नको. तुमच्या गिटारला पिकअप (गिटारमध्येच बसवलेला माइकसारखा भाग) नसेल तर माइक लागेल, माइकला ऑडिओ इंटरफेस (माइक मोबाइल-लॅपटॉपला जोडणारा डबा), मग स्टँड आणि केबल. सगळं स्वस्तातलं स्वस्त घेतलं तरी सहा हजार संपतात, आणि घुमणाऱ्या खोलीत चांगला माइक घुमणंच चांगलं टिपतो. आधी गिटारचं सेटअप (वर सांगितलेली तारांची उंची, नट, सॅडल) करून घ्या, १० किंवा ११ गेजच्या (जाडीच्या) तारांचा संच लावा (आता १२ असतील तर बोटांना फरक लगेच जाणवेल), बरा कॅपो, क्लिप ट्यूनर आणि कान झाकणारे तारेचे हेडफोन. नव्या तारा रेकॉर्डिंगच्या दोन-तीन दिवस आधी लावा. पहिले काही दिवस त्या ताणल्या जातात आणि प्रत्येक टेकनंतर उतरतात. उरलेले पैसे राहू द्या. दुसऱ्या गाण्यापर्यंत मोबाइलची मर्यादा तुम्हाला स्वतःलाच ऐकू येऊ लागेल, इंटरफेस तेव्हा घ्या.

आता मित्राचं. त्याने न विचारता तुमचा ट्रॅक काढला, हे चुकलंच. तुम्हाला वाईट वाटणं रास्त आहे. पण चार पट्ट्या ओढलेली, पुढे पळणारी गिटार त्याच्यासमोर होती आणि गाणं पुढे न्यायचं होतं, हेही खरं. ग्रुपवर नको, त्याला एकट्याला लिहा. साधंच: ‘माझी गिटार का काढलीस ते कळलं, पण आधी सांगायला हवं होतंस. मी कॅपो लावून काळी चारमध्ये क्लिकवर पुन्हा वाजवते आहे, रविवारपर्यंत पाठवते. फक्त गिटार आणि क्लिक एकत्र ऐकून कुठल्या चक्रात सुटते ते मला आकड्याने सांग.’ ‘कशी वाटली’ असं विचारलंत तर ‘छान’ किंवा ‘जमत नाहीये’ एवढंच उत्तर येतं. चक्राचा आकडा मागितलात तर तुम्हाला त्या संध्याकाळी काय वाजवायचं ते मिळतं. त्यानंतर एक नियम चौघांनी मान्य करा: कुणाचाही ट्रॅक काढायचा किंवा बदलायचा तर आधी त्या व्यक्तीला सांगायचं आणि मूळ फाइल फोल्डरमध्ये ठेवायची.

त्याच बैठकीत नावांचं ठरवून घ्या, गाणं बाहेर टाकण्याआधी. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा, चालीचा संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा असतो, आणि वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांना कलाकार म्हणून वेगळे हक्क असतात. तुमच्यात निर्माता कोण, हे कुणी ठरवलेलं नसेल तर चौघं सारखे भागीदार असं लिहून टाका. शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणी काय वाजवलं, पैसे आले तर वाटणी कशी, आणि कोणाच्या खात्यावरून गाणं जाणार, एवढं एका मेलमध्ये लिहून चौघांनी ‘मान्य’ असं उत्तर दिलं तरी पुढचे बरेच वाद टळतात. ज्यांना तुम्ही प्रत्यक्ष भेटलेल्या नाहीत त्यांच्याशी हा व्यवहार करताना खात्याचा पासवर्ड किंवा ओळखपत्राची प्रत देण्याची काहीच गरज नसते.

एकत्र वाजवल्याचा आनंद हवाच असेल तर त्याला दोन वाटा आहेत. रत्नागिरी, डोंबिवली आणि पुणे एवढ्यांपुरतं जॅम्युलस हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहा. त्यासाठी तिघांकडे लॅपटॉप, राउटरला तारेने जोडलेलं इंटरनेट आणि तारेचे हेडफोन लागतील. वायफायवर आवाज तुटतो. सर्व्हर मुंबईच्या आसपासचा निवडा. विंडोज असेल तर आसिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर) बसवावा लागतो, तो नसेल तर घरच्या घरीच उशीर इतका होतो की बाकी सगळी खटपट वाया जाते.

म्यूनिकसकट चौघांना वाजवायचं असेल तर निंजॅम हे दुसरं सॉफ्टवेअर. त्याची युक्ती आपल्या आवर्तनाशी चांगली जुळते: उशीर कमी करण्याऐवजी तो पूर्ण एक चक्र केला जातो. तुम्ही आता वाजवताय त्यावर इतरांनी मागच्या चक्रात वाजवलेलं ऐकू येतं, आणि तुमचं त्यांना पुढच्या चक्रात. चक्र सारखं फिरत असल्याने सगळं समेवर येतं. वेग ८४ आणि चक्र १६ ठोक्यांचं ठेवा, ते ११.४ सेकंदांत पुरं होतं. तुमच्या चारही कॉर्डना चार-चार ठोके द्या, म्हणजे प्रत्येक चक्र जीवरच सुरू होईल आणि मागच्या चक्रातली गाणारीची ओळ तुमच्या आत्ताच्या कॉर्डशी भांडणार नाही. ध्रुवपदावरून अंतऱ्याकडे जाताना मात्र एका चक्राचा गोंधळ होतो, म्हणून त्यावर पूर्ण गाणं बसवायला जाऊ नका. एकच ध्रुवपद घ्या आणि दहा मिनिटं फिरवत राहा.